वाचकांचे प्रश्न : सर्दी छातीत का उतरते?

हवा बदलली की बिडी-सिगरेटच्या धुराची पत्रं वाढतात. या खेपेला तर निम्म्याहून अधिक त्याचीच होती. त्यातली चार घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे मिस्टर बावन्न वर्षांचे, शेती करतात. विशीपासून बिडी ओढतात, आता दिवसाला एक बंडल लागतं. घरात सर्दी आली की सगळ्यांनाच होते. आम्ही चार दिवसांत उठतो, यांची मात्र छातीत उतरते. मग तीन-तीन आठवडे खोकला आणि रात्रभर घुरघुर. बिडी सोडा म्हटलं की म्हणतात, ‘बिडीनंच तर कफ सुटतो.’ परवा मुलानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ आले. तेव्हापासून कोणाचं ऐकायलाच तयार नाहीत. – एक भगिनी, वाळवा तालुका

उत्तर : कफ सुटतो हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण तो साठवला कोणी, हेही त्यांना विचारा.

आपल्या श्वासनळीला आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, आणि त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर. हवेतली धूळ, जंतू, विषाणू त्या थराला चिकटतात आणि तंतू एका लयीत हलत तो ऐवज घशाकडे सरकवत राहतात. घशात आलेलं आपण नकळत गिळून टाकतो. ही झाडलोट रात्रंदिवस चालू असते. बिडी-सिगरेटच्या धुरानं हे तंतू मंदावतात. वर्षानुवर्षं धूर चालू राहिला की आखूड होतात, जागोजागी झडतात. कफ तयार करणाऱ्या ग्रंथी मात्र फुगत जातात. म्हणजे केर वाढला आणि झाडणारं कोणी उरलं नाही. मग खोकून बाहेर काढणं एवढीच वाट राहते. बिडीच्या पहिल्या झुरक्यानं उबळ येते, उबळीबरोबर बेडका पडतो, आणि माणसाला वाटतं बिडीनं मोकळं केलं. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या बिडीवाल्याचा हाच दावा असतो. पोट साफ होण्याचा दावा वेगळा, तो आज सोडून देऊ.

आता यात फ्लूचा विषाणू आला. तो कधीही बिडीला न शिवलेल्या माणसाचेही तंतू खरवडून काढतो. ते पुन्हा उगवायला काही आठवडे जातात, पण मुळात नळी धड असल्यामुळे निभावतं. मिस्टरांची नळी आधीच खरवडलेली. विषाणू सहज खाली उतरतो आणि मागोमाग न्यूमोनियाचे जिवाणू आत शिरतात. तुमच्या चार दिवसांचे त्यांच्याकडे तीन आठवडे होतात ते असे.

हे म्हाताऱ्या, थकलेल्या फुप्फुसांचं गाऱ्हाणं आहे असंही समजू नका. इस्रायलच्या सैन्यातल्या एका तुकडीत फ्लूची साथ आली, त्याचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. ३३६ धडधाकट तरुण, त्यातले बरोबर निम्मे सिगरेट ओढणारे. ओढणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के आजारी पडले, न ओढणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के. आजार जोरात झाला तो अनुक्रमे ५०.६ आणि ३०.१ टक्क्यांना. जेवण तेच, बराकी त्याच, वय तेच. बिडी पानाची असते म्हणून सौम्य, अशी समजूत असेल तर तीही काढून टाका. तेंदूचं पान सारखं विझतं, म्हणून बिडी जोरानं आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. विषारी वायू आणि डांबर त्यात सिगरेटपेक्षा कमी जात नाही.

आता ९७ चं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं यंत्र रक्ताचा लाल रंग पाहून ऑक्सिजनचा आकडा देतं आणि त्याला हे दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. त्यामुळे नुकतीच बिडी ओढून आलेल्या माणसाचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला येऊ शकतो. शिवाय फुप्फुसं बरीच खराब होईपर्यंत बसल्या जागी हा आकडा खाली येत नाही. त्यांची स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरानं फुंकायची तपासणी असते, सुई नाही, दुखत नाही. फ्लूची लस दरवर्षी द्या. न्यूमोनियाच्या लशीचंही डॉक्टरांना विचारा. आणि एक सोय तुमच्याच हातात आहे : सर्दीच्या आठवड्यात बिडी तशीही कडू लागते, तोंडाला नको होते. सोडायचा विषय त्या आठवड्यात काढा, एरवी नको. एक वाक्यही पुरं होऊ नये इतकी धाप लागून तुटक बोलायला लागले, ताप तीन दिवसांत उतरला नाही, किंवा भ्रमल्यासारखं करू लागले, तर यंत्र काही का दाखवेना, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय २९. दिवसाला तीन-चार सिगरेटी, त्याही चहाबरोबर. कोरोनाच्या वेळी वाचलं होतं की सिगरेट ओढणाऱ्यांना तो कमी होतो. खरं काय? आणि तीन-चारनं एवढं काय बिघडतं?

उत्तर : तुम्ही वाचलंत ते छापून आलं होतं. एप्रिल २०२० मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्याकडे दाखल झालेल्यांत सिगरेट ओढणारे फारच थोडे आहेत, निकोटिन कदाचित बचाव करत असेल. बातमी इतकी पसरली की सिगरेट सोडायला मदत म्हणून मिळणाऱ्या निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगम यांच्या विक्रीवर फ्रान्स सरकारला मर्यादा घालावी लागली. नंतर अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना निकोटिनच्या पट्ट्या लावून पाहिल्या, मृत्यू कमी झाले नाहीत.

मग आधीचे आकडे आले कुठून? त्या दिवसांत ज्यांनी वॉर्ड पाहिलाय त्यांना हे कोडं पडणार नाही. ऑक्सिजनच्या नळीवर असलेल्या माणसाला कोण विचारतंय, बाबा रे, सिगरेट ओढतोस का? केसपेपरवरचा तो रकाना कोरा राहतो आणि कोरा रकाना पुढे ‘नाही’त जमा होतो. आजारी पडल्यावर आठवडाभर न ओढलेला माणूसही ‘सोडली’ असंच सांगतो. मेक्सिकोच्या रुग्णांवरचा असाच एक निबंध एका मोठ्या युरोपीय नियतकालिकानं २०२१ मध्ये मागे घेतला, कारण दोन लेखकांनी तंबाखू उद्योगाशी असलेले आपले धागेदोरे सांगितले नव्हते. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला. यात सवयीची नोंद आजारपणाच्या आधीच झालेली होती. सिगरेट ओढणाऱ्यांना कोरोनानं रुग्णालयात जावं लागण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ८० टक्के जास्त निघाला. तुमच्या ‘एवढं काय’चं उत्तरही त्यातच आहे : दिवसाला एक ते नऊ सिगरेटी ओढणाऱ्यांत कोरोनानं मृत्यू येण्याचा धोका दुपटीच्या आसपास होता. वीस आणि त्याहून जास्तवाल्यांत तो सहा पटींच्या घरात गेला. एकोणतिसाव्या वर्षी मुळातला धोका लहान असतो, हे मान्य. पण दर पावसाळ्यात दोन-दोनदा ‘व्हायरल’ म्हणून सुट्टी टाकत असाल तर ती कशानं, याचा विचार करून बघा. आणि हो, राज्यात सुटी सिगरेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तुमच्या टपरीवाल्याला हे ठाऊक असणार. तो देतो, तुम्ही घेता.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा. दोनदा छाती भरून रुग्णालयात ठेवावा लागला. मुलगा घरात कधीच ओढत नाही, गॅलरीत जातो, दार ओढून घेतो. तरी सून त्याच्यावरच चिडते. कोणाचं बरोबर? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, सुनेचं. एवढ्या लहान बाळांची छाती बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूनं भरते. तो घराघरांतून फिरतच असतो, त्याला मुलगा काय करणार. पण घरात धूर असेल तर बाळाला तो जास्त जड जातो, रुग्णालयात न्यायची पाळी जास्त येते. गॅलरीतला धूर फटीतून आत येतो. शिवाय ओढून आल्यावर बराच वेळ माणसाच्या श्वासातून आणि शर्टावरून तो निघत राहतो, आणि बाळाला घेतात ते नेमकं त्याच खांद्यावर. सोडेपर्यंत त्यानं निदान इमारतीखाली उतरावं आणि वर आल्यावर शर्ट बदलून, हात-तोंड धुऊन मगच बाळाला घ्यावं. देवघरातली धूपकांडी आणि रात्रीची मच्छर अगरबत्तीही बंद करा. हे तुम्हाला आवडणार नाही, पण करा. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

प्रश्न : सिगरेट सोडून महिना होत आला आणि खोकला उलट वाढलाय. मित्र म्हणतात, शरीराला सवय होती, हळूहळू सोडायला हवी होतीस. पुन्हा एखादी ओढू का? – सोलापूर

उत्तर : नका ओढू. वर ज्या तंतूंबद्दल लिहिलं ते आता पुन्हा हलायला लागलेत आणि इतके दिवस साठलेलं वर ढकलतायत. पाणी भरपूर प्या, खोकला दाबायचं औषध स्वतःहून घेऊ नका. हा खोकला बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरलं, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, किंवा खोकला हटेचना, तर मात्र एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या, कारण धूम्रपान करणाऱ्यांत क्षयरोगही जास्त आढळतो. तलफ फारच आली तर निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नसतं : जरा चावायचं, जिभेला चुणचुणलं की गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. त्याच्या आधी पाव तास चहा नको, नाहीतर ते नीट लागू पडत नाही. बोलायला माणूस हवा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन लावा, पैसे पडत नाहीत. आणि त्या मित्रांबरोबर टपरीवर जाणं महिनाभर टाळा.