पऱ्या शोधायला गेलात तर फसाल

तुम्ही विचारलंय की मालिका नको, एका पुस्तकात संपणारी पऱ्यांची कादंबरी हवी. होप मर्लीझ यांची ‘लड-इन-द-मिस्ट’ बऱ्याच जणांनी सुचवली, पण वाचलेल्यांपैकी काही तिला डोक्यावर घेतात आणि काही म्हणतात अर्ध्यात सोडली. असं का, आणि घ्यावी का?

घ्या. फक्त पऱ्या बघायला म्हणून घेऊ नका.

गेल्या पावसाळ्यात पेडण्यात आम्ही चौघांनी एकाच प्रतीवर ती आळीपाळीने वाचली. भाचीने साठेक पानांनंतर पुस्तक आणून दिलं. “मामा, परी येते कधी?” येत नाही गं. पंखवाली, छडीवाली तर नाहीच. तिची चूक नाही, चूक ‘परी’ या शब्दाची. तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या गॅदरिंगमधली चंदेरी मुलगी उभी राहते. या पुस्तकातले ते लोक जवळजवळ दिसतच नाहीत, आणि गावाकडची माणसं त्यांच्यात आणि मेलेल्यांत फारसा फरक करत नाहीत. त्यांना म्हणतात ‘मुकी माणसं’. आकाशगंगा म्हणजे मेलेल्यांना पऱ्यांच्या मुलखात घेऊन जायची वाट.

लड हे डोरिमेर देशाच्या राजधानीचं शहर, दोन नद्यांच्या संगमावरचं. त्यातली डॅपल नदी उगम पावते सीमेपलीकडच्या पऱ्यांच्या मुलखात. दोनशे वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी तिथला लहरी राज्यकर्ता ड्यूक ऑब्री याला हाकललं आणि तेव्हापासून त्या मुलखाचं नाव काढणंही चारचौघांत शोभत नाही. पण तिकडची फळं चोरवाटेने शहरात येतातच. खाणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. महापौर नथॅनियल चँटिक्लिअर हा खाऊनपिऊन सुखी, आतून मात्र धास्तावलेला गृहस्थ. तरुणपणी माळ्यावरच्या जुन्या वाद्यातून निघालेला एकच सूर त्याच्या कानात बसलाय, आणि तेव्हापासून तो रोजच्या साध्यासुध्या आयुष्याला घट्ट धरून आहे. नेमकं त्याच्याच मुलाने ते फळ खाल्लंय. याहून पुढचं सांगत नाही.

मला सगळ्यात आवडला तो तिथला कायदा. फळाचं नाव कायद्यात घ्यायचं नाही, म्हणून तस्करीच्या खटल्यात त्याला रेशमी कापड म्हणायचं! खटला चालवणाऱ्यांपासून आरोपीपर्यंत सगळ्यांना ठाऊक की कापड कसलंच नाही, तरी खटला कापडाचाच. आमच्यातल्या एका काकांची सगळी नोकरी सीमेवरच्या तपासणी नाक्यांवर गेली. ते इथे पोचले आणि रात्री साडेदहाला मला फोन. “अरे, हे माझंच चरित्र लिहिलंय! कागदावर काजूगर, आणि ताडपत्री उचलली की फेणीचा वास.” त्या फोननंतर दोन दिवसांत त्यांनी पुस्तक संपवलं. साठ वर्षांत त्यांनी काल्पनिक म्हणून दुसरं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही.

मला स्वतःला मात्र आजी आठवली. दिवेलागणीनंतर घरात ‘साप’ म्हणायची सोय नव्हती, ‘लांबडं’ म्हणायचं. आणि गावची शीव राखणाऱ्या देवचाराबद्दल तर बोलायचंच नाही. “ताचें नांव घेवं नाका.” फारच गरज पडली तर ‘राखणो’. तरी वर्षाला त्याचा रोट आणि सोरो, म्हणजे जाड भाकरी आणि दारूचा नैवेद्य, चुकायचा नाही, आणि रात्री पायवाटेवर काठीचा आवाज आला की तीच आजी आधी दार लावायची. लडच्या लोकांनी नेमकं उलटं केलंय. नाव घेणं बंद केलं ते ठीक, पण देणंघेणंही बंद केलं. मग तो येणार कुठून? चोरवाटेने, फळाच्या टोपलीतून. पुस्तक आवडणं न आवडणं माझ्या मते इथेच ठरतं. ज्याच्या घरात असं एखादं न बोललेलं नाव होतं त्याला ते पहिल्या प्रकरणापासून धरून ठेवतं. जो युद्ध, जादूचे नियम आणि नकाशा शोधतो, त्याला वाटतं लेखिका कथा सुरू करायलाच विसरली.

तक्रारी खोट्या नाहीत. पहिला एक-तृतीयांश भाग रेंगाळतो. मध्येच एका जुन्या खुनाचा तपास सुरू होतो. मला तो आवडला, भाचीच्या मते ते दुसरंच पुस्तक आहे. मुलींची एक अख्खी शाळा फळ खाऊन नाचत डोंगरांकडे निघून जाते, केवढा भयानक प्रसंग! पण लेखिकेला त्या मुलींपेक्षा त्यांच्या बापांच्या अब्रूची गंमत जास्त वाटते. हे मला खटकलं, अजून खटकतं. आणि ज्या मुलखाची एवढी वाट पाहिली तिथला प्रवास चुटकीसरशी उरकलाय.

इंग्रजी १९२६ सालचं आहे. वाक्यं लांब, नक्षीदार, आणि पात्रं शिव्या देतात त्या ‘टोस्टेड चीज!’ अशा. पन्नासेक पानांत सवय होते. मर्लीझ यांची ही तिसरी आणि शेवटची कादंबरी. त्याआधी पॅरिसवरची त्यांची एक दीर्घ कविता लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांचे पती लेनर्ड यांच्या हॉगार्थ प्रेसने काढली होती. मग पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७० साली अमेरिकेत स्वस्त आवृत्ती निघेपर्यंत, आणि तीही लेखिकेच्या परवानगीविना, त्या हयात असताना. त्या १९७८मध्ये वारल्या. म्हणजे पुस्तकही वाचकांकडे परतलं ते चोरट्या मालासारखंच. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, पावतीवर काय लिहिलं होतं, रेशीम?

तेव्हा विकत घेण्याआधी कुणाकडून तरी आणा आणि त्या रेशमाच्या कायद्यापर्यंत वाचा. तिथे हसू आलं नाही तर खुशाल परत करा. आमची प्रत मागू नका. ती सध्या चौथ्याकडे आहे, आणि पुस्तकाचा विषय काढला की तो पावसाबद्दल बोलायला लागतो.