वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू करताय ना मॅडम?

पाचवीचा वर्ग म्हणजे इन्स्टाचं आत्ता डोक्यातून काढाच, तिथे अकाउंटला किमान १३ वर्षं लागतात. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल असं करा, मी नव्हतं केलं आणि मग आठवडाभर गुड मॉर्निंगची फुलंच फुलं, गृहपाठ कुठे गेला पत्ता नाही!

बाकी सुरुवातीला एवढंच:
- दिवसाला एकच पोस्ट, तीही ठरलेल्या वेळी
- व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच, बऱ्याच घरात फोन एक आणि तोही बाबांबरोबर शेतावर गेलेला, म्हणून वहीतलं काम वर्गातच द्या
- मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही, मार्कांची यादी तर अजिबातच नाही

क्विझ, यूट्यूब चॅनल वगैरे दिवाळीनंतर बघू.