दिवाळखोरीचा अर्ज केला की कर्ज माफ होतं का?

प्रश्न : परळला राहतो. नोकरी गेल्यापासून क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन मिळून १४ लाख थकलेत. लोनला मेहुणा जामीन आहे. घराचे हप्ते वेगळे. दिवाळखोरी जाहीर करून सुटका होईल का?

उत्तर : काही अंशी होईल, पण अर्ज दिला त्या दिवशी नव्हे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग सध्या कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच लागू आहे. तुमच्यासाठी मुंबईत अजून १९०९ चा नादारीचा, म्हणजे व्यक्तीच्या दिवाळखोरीचा, कायदा चालतो आणि अर्ज थेट उच्च न्यायालयात करायचा असतो.

नादार ठरवणारा आदेश निघाला की खरा फायदा सुरू होतो. विनातारण कर्ज देणाऱ्याला मग कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही, मालमत्तेवर परस्पर हातही टाकता येत नाही. अटकेपासून संरक्षण मागता येतं. पुढे कोर्टाने मुक्ततेचा आदेश दिला, तर बहुतेक जुनी देणी संपतात. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी मात्र उरते.

आता दुसरी बाजू. तुमची मालमत्ता ऑफिशियल असाईनीच्या, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात जाते. देणी, येणी, चीजवस्तू यांची यादी आदेशापासून ३० दिवसांत द्यावी लागते. लपवाछपवी केलीत तर मुक्तताच अडते. घर तारण आहे, त्यामुळे बँकेचा त्यावरचा हक्क कायम राहतो. आणि मेहुणा सुटत नाही! तुम्ही मुक्त झालात तरी बँक त्याच्याकडे जाणारच, तेव्हा त्याला आधी विश्वासात घ्या.

लोक चुकतात ते अर्जाच्या आधीच. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत घर बायकोच्या नावे बक्षीस केलं, तर ते रद्द होऊ शकतं. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच नातेवाइकाचे पैसे मुद्दाम फेडले तर तेही उलटतं. मुक्तता मिळेपर्यंत नादारी लपवून उधार घेणं गुन्हा आहे. मूळ कायद्यात त्यासाठी ५० रुपयांची उधारीही पुरते! कंपनीचं संचालकपदही या काळात मिळत नाही.

माझ्या मते, विकण्याजोगं फारसं काही नसेल आणि दावे अंगावर आलेच असतील, तरच या वाटेला जावं.

प्रश्न : कार्डाची बँक फोनवर एकरकमी तडजोड देऊ करते. घ्यावी?

उत्तर : लेखी पत्राशिवाय एक रुपया भरू नका. पत्रात रक्कम, तारीख आणि ‘बाकी शिल्लक नाही’ हे हवं. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागेल, नवं कर्ज मिळणं काही वर्षं अवघड जाईल. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आले तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.