वाचक विचारतात: टक्क्याचं चिन्ह कुठे गेलं?

प्रश्न: संध्याकाळच्या शिकवणीसाठी सी भाषेची मराठी टिपणं मी लाटेक या छपाईसाठी मजकूर मांडायच्या संगणक-प्रणालीत केली आहेत. उत्तरं % चिन्हामागे लिहिते, म्हणजे ती छापली जात नाहीत. मुलांना मोबाइलवर वाचता यावीत म्हणून भाच्याने छोटा प्रोग्राम लिहून एचटीएमएल प्रत काढली. तिच्यात '7 % 2' च्या जागी नुसतं '7' उरलं, आणि इन्क्लूडपुढचं कोनी कंसातलं फाइलचं नाव नाहीसं झालं. शिवाय उत्तरं माझ्यापुरती त्या प्रतीत लपवून ठेवता येतील का?
— एक शिक्षिका, साखळी

उत्तर: बाई, भाच्याने प्रत्येक ओळीतलं % पासून पुढचं सगळं पुसलं असणार. एरवी लाटेकमध्ये % नंतरची ओळ शेरा असते, हे खरं. पण कोड दाखवायच्या 'व्हर्बेटिम' नावाच्या भागात % निव्वळ % असतो. तिथलं सगळं जसंच्या तसं छापायचं. तुमचं बाकी काढायचं चिन्ह शेरा समजून कापलं गेलं.

आधी सगळे व्हर्बेटिम बाजूला काढा, असं कुणी सुचवेल. मला ते पटत नाही. एखादा जुना व्हर्बेटिम तुम्ही % लावून बंद केला असेल, तर तोही चालू धरला जाईल. फाइल वरून खाली एकदाच वाचायची. आधी % भेटला तर ओळ संपेपर्यंत शेरा. आधी व्हर्बेटिम भेटला तर तो संपेपर्यंत आतल्या कशालाही शेरा म्हणायचं नाही. \% मात्र छापायचा टक्का, तो सांभाळा.

कोनी कंसातलं नाव ब्राउझरने टॅग, म्हणजे पानाच्या मांडणीची खूण, समजून गिळलं. एचटीएमएलच्या प्री टॅगमध्ये मोकळ्या जागा टिकतात, पण < तिथेही टॅगच उघडतो. म्हणून आधी & च्या जागी &#38; घाला आणि मगच < च्या जागी &#60;. क्रम उलटला तर मुलांना कंसाऐवजी &#60; अशीच अक्षरं दिसतील.

उत्तरं एचटीएमएलच्या शेऱ्यात कृपा करून ठेवू नका. पानाचा सोर्स उघडला की ती कुणालाही वाचता येतात. डिचोलीतल्या एका मंडळाच्या स्मरणिकेत एका वर्गणीदाराच्या नावापुढचा 'पैसे यायचे आहेत' हा माझा शेरा असाच राहून गेला. ऐन चतुर्थीत त्या घरून फोन आला. त्यांचा दुखावलेला आवाज अजून कानात आहे. उत्तरं मूळ लाटेक फाइलमध्येच राहू द्या, मुलांची प्रत दर वेळी तिच्यातून नव्याने काढा, आणि पाठवण्याआधी त्या प्रतीत <!-- ही एचटीएमएलच्या शेऱ्याची सुरुवात कुठे राहिली आहे का, शोधून बघा.