जंक डीएनएची थिअरी २०१२ मधे खोटी ठरली ना, मग अजून का शिकवतात?

खोटी नाही ठरली. आपल्या डीएनएचा बराचसा भाग काही कामाचा नाही, नुसता पडून आहे, ही ती थिअरी. बातम्या तशा आल्या होत्या खऱ्या, आणि त्या वर्षी मी पण वर्गात (लातूरला अकरावी बारावीला बायो शिकवतो) पोरांना सांगून बसलो की आता पुस्तकं बदलणार, म्हणून हे उत्तर जरा नीट लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्या जिनोममधे (म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएत) साधारण ३०० कोटी अक्षरं, त्यात प्रोटीन कसं बनवायचं हे लिहिलेली जेमतेम एक-दीड टक्का, बाकी सगळं नॉन-कोडिंग. पण नॉन-कोडिंग म्हणजे जंक नव्हे. जीन कधी चालू करायचा कधी बंद करायचा याचे स्विच त्यातच असतात, आणि असे स्विच असतात हे १९६१ पासून, जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या कामापासून माहीत आहे. सिकलसेलवरचा जीन एडिटिंगचा जो इलाज २०२३ मधे इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला त्यात कात्री चालते ती असल्याच एका स्विचवर.

दुसरं, जंकला आपण कचरा म्हणतो तिथं घोळ होतो. सिडनी ब्रेनर हे जीवशास्त्रज्ञ म्हणायचे की कचरा माणूस फेकून देतो, जंक ठेवून देतो. म्हणजे अडगळ. आमच्या गावाकडं माळवदाच्या घरात मोटेचं चाक, मोडकी तिफण, फुटका रांजण असं कितीतरी पडून आहे, कामाचं नाही पण कुणाला त्रास पण नाही म्हणून राहिलंय, आणि कधीतरी त्यातलाच जुना फाळ लोहाराकडं नेला की खुरपं होऊन येतं. डीएनएत पण हेच होतं बघा. आपल्या पूर्वजांच्या जिनोममधे कधीकाळी घुसलेल्या व्हायरसचा एक जीन आज बाईच्या गर्भात वार तयार व्हायला लागतो, सिन्सिटिन त्याचं नाव. मला ही गोष्ट दरवर्षी शिकवताना तेवढीच भारी वाटते. पण एका फाळाचं खुरपं झालं म्हणून सगळी अडगळ कामाची ठरत नाही ना.

आता २०१२. एनकोड नावाच्या प्रोजेक्टमधे ४०० च्या वर शास्त्रज्ञ होते, त्यांनी जाहीर केलं की जिनोमच्या ८० टक्के भागाला 'फंक्शन' आहे. त्यांनी मोजलं काय तर कुठल्या तुकड्याची आरएनए कॉपी निघते, कुठं प्रोटीन येऊन चिकटतं वगैरे. डेटा एकदम पक्का, आजही रोज वापरात आहे. अडचण त्या एका शब्दाची. रांजणावर मांजर येऊन बसतं म्हणून रांजण मांजर बसायला ठेवलाय असं होत नाही. उत्क्रांतीचे अभ्यासक डॅन ग्राउर यांनी २०१३ मधे यावरच कडक टीका केली, आणि २०१४ मधे एनकोडवाल्यांनी स्वतःच्याच पेपरात मान्य केलं की फंक्शन मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि आकडे जुळत नाहीत.

दुसरी पद्धत म्हणजे, जिथं अक्षर बदललं की नुकसान होतं आणि म्हणून उत्क्रांतीनं जे जपून ठेवलंय तेवढंच मोजायचं. तसं मोजलं तर २०१४ च्या एका अभ्यासात आकडा आला ८.२ टक्के. ८० कुठं आणि ८ कुठं! शिवाय प्रत्येक बाळात ६०-७० नवीन म्युटेशन, म्हणजे अक्षरांतले बदल, येतात, ८० टक्के जिनोममधलं अक्षर न् अक्षर महत्त्वाचं असतं तर पिढ्यान् पिढ्या हे नुकसान साचत जाऊन आपण टिकलोच नसतो. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७२ मधे जंक शब्द वापरला तो याच हिशोबातून.

आणि कांदा घ्या. रायन ग्रेगरी या जीवशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे, कांद्याचा जिनोम माणसाच्या पाच पट, मग कांद्याला एवढं कशाला लागतं? मी वर्गात ज्वारी आणि मका घेतो, पोरांच्या रानातलीच पिकं. दोघांच्या क्रोमोसोमच्या जोड्या दहा-दहा, जीनची संख्या पण फार लांब नाही, तरी ज्वारीत ७०-७५ कोटी अक्षरं आणि मक्यात २०० कोटींच्या वर. फरक मुख्यतः जंपिंग जीननी (डीएनएत जागा बदलत फिरणारे तुकडे) स्वतःच्याच कॉप्या काढत भरलेला आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना ते मक्यातच सापडले होते, १९८३ चं नोबेल त्याचंच.

भांडण अजून चालू आहे ते ८ आणि ८० च्या मधल्या भागावर. लाँग नॉन-कोडिंग आरएनए, म्हणजे ज्यापासून प्रोटीन बनत नाही अशा लांब आरएनए कॉप्या, हजारोंनी सापडलेत, त्यातला एक्झिस्ट तर बाईच्या पेशीतलं एक एक्स क्रोमोसोम बंद ठेवतो, म्हणजे पक्का कामाचा, बाकीचे एकेक करून तपासावे लागतायत.

तुम्ही बारावीला असाल तर पेपरात '९८ टक्के डीएनए जंक' असं लिहू नका, '९८ टक्के नॉन-कोडिंग' लिहा, त्यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.