कोणी ‘रिलॅक्स हो’ म्हटलं तर ऐकू नकोस

अरे,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. "काका, अॅडमिशन कॅन्सल करावं म्हणतोय", आणि कारण काय तर कॉलेजने घ्यायला लावलेलं हेपेटायटिस बीचं, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीवरच्या लसीचं, इंजेक्शन. मुद्दाम फोन केला नाही, फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितोय, लांबेल, पण सगळं वाच. अभ्यासिकेत वाचलंस तरी चालेल, पण वाच.

घरी काय बोलणी बसली असतील ते मला कळतंय. एवढा दांडगा पोरगा आणि सुईला घाबरतो, वर म्हणे लॅब टेक्निशियन होणार. तू लिहिलंयस की दुसऱ्याचं रक्त काढायचं म्हटलं तर तुला काही वाटत नाही, पण स्वतःच्या दंडापाशी सुई आली की कानात शिट्टी वाजायला लागते, घाम गार पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्या वेळी सेंटरवरचा माणूस ‘रिलॅक्स हो, लांब श्वास घे’ म्हणाला आणि तू खुर्चीवरून खालीच आलास, दुसऱ्या वेळी रांगेतूनच घरी. मी तुला भित्रा म्हणणार नाही, कारण तू भित्रा नाहीस, आणि दुसरं म्हणजे मी हे सगळं भोगलंय, तुला कधी सांगितलं नाही एवढंच.

मी तिसरीत होतो, 1983 साल. तेव्हा आम्ही कळव्याला चाळीत राहायचो, नळावरून येताना कुत्रं पोटरीला चावलं. त्या काळी रेबीजची लस पोटात द्यायचे, 14 इंजेक्शनं, रोज एक. मेंढीच्या मेंदूपासून ती लस बनवायचे, आपल्याकडे ती 2005 च्या आसपास बंद झाली, आता दंडात चार-पाच डोस देतात आणि काम होतं. पण अजूनही कोणाला कुत्रं चावलं की लोक "पोटात चौदा" म्हणून घाबरवतात, तेव्हा मला फार राग येतो, त्या भीतीने माणसं लस घ्यायची टाळतात आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. तर ती चौदा मी घेतली, म्हणजे मला धरून दिली. एक काका खांदे दाबायचे, दुसरे पाय. त्यांचा हेतू चांगलाच होता, मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळेच. पण त्या 14 दिवसांत माझ्या अंगाने एकच गोष्ट पाठ केली, सुई आली की आपल्याला कोणीतरी धरणार आणि आपलं कोणी ऐकणार नाही.

त्यानंतर 38 वर्षं मी सुई लावून घेतली नाही. पत्रा लागून हात कापला तरी धनुर्वाताचं घेतलं नाही, घरी सांगितलं घेतलं म्हणून. ऑफिसात चेकअप असला की त्या दिवशी सुट्टी. त्यापायी माझी शुगर कळायला निदान तीन वर्षं उशीर झाला, आणि त्या तीन वर्षांत डोळ्यांवर जो परिणाम झाला तो काही परत भरून येत नाहीये. हे मी कोणालाच सांगत नाही, तुला सांगतोय, कारण तू 18 चा आहेस आणि तुझ्याकडे वेळ आहे.

मग 2021 आलं. लोकल बंद, फोर्टला ऑफिस, ठाण्याहून बसने जाताना अडीच-अडीच तास. 15 ऑगस्टपासून कोरोनाच्या लसीचे दोन डोस झालेल्यांना लोकल सुरू केली, तेही दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस झाले असतील तरच. मी दोनदा रांगेत उभा राहून परत आलो, अगदी तुझ्यासारखा. तिसऱ्यांदा टेबलावरच्या सिस्टरने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही पडता का?" एवढंच. त्या प्रश्नात ना चिडणं होतं ना कीव. मी हो म्हटलं. तिने आतल्या बाकावर आडवं केलं, म्हणाली, दुसऱ्या हाताची मूठ आवळा, मांड्या घट्ट करा, पोट आवळा, टोचते तो हात मात्र मेल्यासारखा सैल सोडा. झालं. मी विचारतोय कधी देणार, आणि ती कापूस दाबून उभी. दुसरा डोस 84 दिवसांनी घेतला, तो बसून.

तिने जे करायला लावलं ते का चालतं हे मी नंतर शोधून वाचलं, आणि तेच तुला सांगायचंय, कारण ह्या एका गोष्टीत बहुतेक लोक उलटा सल्ला देतात.

एरवी माणूस घाबरला की छाती धडधडते, बीपी वाढतं आणि वाढलेलंच राहतं. कुत्रं मागे लागलं तर कोणी चक्कर येऊन पडत नाही, पळत सुटतो. पण सुई, रक्त, जखम ह्यांच्या भीतीत काही जणांच्या अंगात वेगळंच होतं, आधी ठोके आणि बीपी वर जातात आणि मग एकदम खाली येतात, वेगस नावाची जी नर्व्ह आहे ती ब्रेक दाबते असं समज, पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. ह्यात तुझ्या इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. हे घराण्यातही असतं, तुझ्या बाबांना एकदा हळूच विचार, रक्त बघून त्यांना कधी गरगरलंय का. (मला वाटतं उत्तर हो येईल. जी माणसं फार हसतात त्यांचं बऱ्याचदा असं निघतं.)

आता सांग, ज्याचं बीपी पडतंय त्याला "रिलॅक्स हो, अंग सैल सोड" म्हटलं तर काय होईल? अजून पडेल. आणि जोरजोरात लांब श्वास घेत राहिलास तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगर वाढते. सेंटरवरचा तो माणूस चांगल्या मनानेच म्हणाला, पण तुझ्यासाठी तो सल्ला चुकीचा होता. ज्याला नुसती धडधड होते आणि चक्कर येत नाही त्याच्यासाठी सावकाश श्वास ठीक आहे. तू पडणाऱ्यातला आहेस, तुला अंग आवळायचंय.

स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त ह्यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत नीट बसवली, इंग्रजीत तिला अप्लाइड टेन्शन म्हणतात. करायची अशी: खुर्चीत बस. मांड्या, पोटऱ्या, पोट आणि एका हाताची मूठ, सगळं एकदम आवळ, 10 ते 15 सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. श्वास रोखायचा नाही, तो चालू ठेव. मग सोड, पण पूर्ण ढिला पडू नकोस, नेहमी बसतो तसा ये. 20-30 सेकंद थांब आणि परत. अशी पाच वेळा. हे आजपासून दिवसातून चार-पाचदा कर, ट्रेनमध्ये ऐरोली ते घणसोली बसायला मिळालं तर तिथेही कर, कोणाला कळतसुद्धा नाही. आठवडाभरात अंगाला सवय लागते, मग खुर्चीत बसल्यावर आठवावं लागत नाही. आणि ज्या दंडात घ्यायचंय तो हात ह्या सगळ्यातून वगळ, डाव्यात घेणार असशील तर डावा खांद्यापासून सैल राहू दे, आवळलेल्या स्नायूत सुई गेली की जास्त दुखतं. सुरुवातीला हे दोन्ही एकदम जमत नाही, म्हणूनच घरी आधी.

दुसरं काम थोडं कठीण आहे. तू रांगेतून परत आलास तेव्हा घरी येऊन किती हलकं वाटलं असेल ते आठव. ते हलकं वाटणंच घात करतं. भीती शिगेला असताना आपण पळालो की मन शिकतं, पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी ती भीती दुप्पट होऊन येते, माझी 38 वर्षं अशीच वाढत गेली. त्यामुळे ह्या आठवड्यात थोडी थोडी सुई बघायची. आधी फोटो. मग कोणाला तरी लस देतानाचा व्हिडिओ, पहिल्यांदा म्यूट करून. मेडिकलमधून एक सिरिंज आण, सुई न लावता हातात धर, टेबलावर ठेवून जेव, दंडाला टेकव. प्रत्येक पायरीवर भीती वाढेल, तेव्हा अंग आवळत तिथेच बसायचं, ती उतरायला लागेपर्यंत, उतरते, दहा-पंधरा मिनिटं लागतील कधी. एक दिवस नुसता त्या सेंटरच्या बाहेर बाकावर बसून ये, आत जायचंच नाही. आणि एखाद्या पायरीला फारच झालं तर खालच्या पायरीवर ये, पण पळून खोलीबाहेर जाऊ नकोस.

तू टेक्निशियन होणार म्हणून हेही सांगतो, सुईचा गेज नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. लसीची साधारण 23 ते 25 असते, रक्त काढायची 21-22. म्हणजे तू लोकांना जी लावणार आहेस तिच्यापेक्षा तुला लावणार ती बारीक आहे. आणि कमरेत द्या म्हणजे दिसणार नाही, असलं काही मागू नकोस, हेपेटायटिस बीची मोठ्यांना दंडातच द्यावी लागते, कमरेत दिली तर परिणाम कमी होतो.

आणि कॉलेज उगाच मागे लागत नाहीये. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई चुकून टोचली तर हेपेटायटिस बी होण्याची शक्यता 100 मध्ये 6 पासून 30 पर्यंत जाते, एचआयव्हीची असते 1000 मध्ये 3 च्या आसपास. हेपेटायटिस बीचा व्हायरस वाळलेल्या रक्ताच्या डागात 7 दिवस टिकतो. लॅबमध्ये तुझा हात रोज ह्या सगळ्यात असणार आहे. तीन डोस आहेत, आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. म्हणजे तीनदा हे करायचंय, तेव्हा पहिली वेळ नीट जाऊ दे.

त्या दिवशी उपाशी जाऊ नकोस. लोकांना का कोण जाणे वाटतं की इंजेक्शनला उपाशी जावं, तुझ्यासारख्याने तर अजिबात नाही, पोहे-बिहे पोटभर खा आणि निघायच्या आधी दोन ग्लास पाणी. दुखण्याचीच भीती जास्त असेल तर बधिर करायचं क्रीम मिळतं, लिग्नोकेन-प्रायलोकेनचं, तासभर आधी दंडावर जाडसर लावून वर प्लॅस्टिक चिकटवायचं, तुमच्या डॉक्टरांना विचारून घे. बघायचं की मान फिरवायची हे तुझं तू ठरव, दोन्ही बरोबर आहे, मी बघतो, मला न दिसणारी सुई जास्त छळते.

सगळ्यात महत्त्वाचं, खुर्चीत बसायच्या आधी तोंडाने सांगायचं. वाक्य पाठ कर: "सिस्टर, मला इंजेक्शन घेताना चक्कर येते, मागच्या वेळी पडलो होतो, मला आडवं पडून द्याल का?" एवढंच. लाजायचं नाही, सिस्टरच्या दृष्टीने आधी कळलेलं कधीही बरं, नाहीतर माणूस पडून डोकं फुटलं तर सगळ्यांचीच धावपळ. चक्कर फार वेळ टिकत नाही, आडवं होऊन पाय वर घेतले की मिनिटभरात उतरते, इजा होते ती पडल्यामुळे. म्हणून आडवं. झाल्यावर 15 मिनिटं तिथेच थांबायचं, लगेच ताडकन उठायचं नाही, आणि बाईक नको. दंड एखाद-दोन दिवस दुखेल, ते दुखणं साधं आहे. हां, सुई-रक्ताचा संबंध नसताना कधी चक्कर येऊन पडला असशील तर ते मला सांग, त्यासाठी डॉक्टरांकडेच जायला हवं.

आणि हे सगळं करूनही आत पाऊल टाकवलं नाही तर? तर आपण आयपीएचला जाऊ, ठाण्यात 1990 पासून आहे, मानसिक आरोग्याचंच काम करतात, किंवा आधी 14416 ला फोन कर, टेलिमानस हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे. ह्या भीतीवर इलाज होतो, आणि बऱ्यापैकी लवकर होतो. मला हे कोणी पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं रे.

तर अॅडमिशन कॅन्सल करायचा फॉर्म भरू नकोस. आज मंगळवार, पुढच्या शनिवारी जाऊया, मधे अकरा दिवस आहेत, तेवढे पुरतात. मी बरोबर येतो, पण तुला धरायला नाही, बाजूला स्टूलवर बसेन आणि तू सांगशील तेव्हाच बोलेन. तू नको म्हणालास तर सिस्टरला थांबवेन, हा माझा शब्द. सकाळी साडेनऊला ठाणे स्टेशनवर सॅटिस पुलाच्या जिन्याखाली भेट, खाऊन ये, नसशील खाल्लं तर आधी खाऊ आणि मग जाऊ. तो घट्ट बाह्यांचा काळा शर्ट नको घालूस, हाफ शर्ट घाल.

रात्री फक्त एवढं कळव, आज किती वेळा आवळून बघितलंस.

काका