बिल डाँगमध्येच भर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

व्हिएतनामच्या सहलीसाठीची तुझी प्रश्नांची यादी वाचली. ‘किती पैसे न्यावेत’ हा त्यातला पहिला प्रश्न, आणि मला विचारशील तर तोच सर्वांत कमी महत्त्वाचा. व्हिएतनाम काही महागडा देश नाही, तुम्ही चौघीही कमावत्या, खर्च सहज झेपेल. पैसे खाण्यापिण्यात जात नाहीत, ते रुपयांचे डॉलर आणि डॉलरचे डाँग (तिथलं चलन) होताना जातात. बँकेच्या परकीय चलन विभागात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते ठाऊक आहे. तेवढंच लिहितो. हॉटेलं, सहली, फोटोच्या जागा तुझ्या तू बघ.

डाँग पुण्यात शोधत बसू नकोस. इथून अमेरिकन डॉलर घ्यायचे आणि हनोईत त्यांचे डाँग करायचे. कॅम्पात एम. जी. रोडला, डेक्कनला मनी चेंजर आहेत, तुझी बँकही देईल. मात्र फोन करून ‘आजचा रेट काय?’ एवढंच विचारू नकोस. विचार, ‘पाचशे डॉलरच्या नोटा हव्यात, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?’ हाच प्रश्न तीन ठिकाणी, एकाच तासात विचार, कारण भाव दिवसभर हलत असतो. ‘कमिशन शून्य’ अशी पाटी असेल तिथे वटणावळ भावातच मुरवलेली असते. जीएसटीच्या नावाखाली कोणी मोठा आकडा सांगितला तर सरळ उठून ये. लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर तो हजारी १ रुपया ८० पैसे पडतो, म्हणजे पन्नास हजारांच्या डॉलरवर नव्वद रुपये. पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट बरोबर ने, पैसे खात्यातून दे, पावती जपून ठेव. नियमाने एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. तुला त्याच्या जवळपासही जायची गरज नाही.

नोटा शंभराच्या आणि कोऱ्या माग. तिथे लहान नोटांना बहुतेक ठिकाणी कमी भाव देतात. पेनाची खूण, शिक्का, फाटका कोपरा असलेली नोट नाकारली जाते. दुकानातच एकेक नोट उलटून बघ. मागचा गिऱ्हाईक खोळंबला तर खोळंबू दे, आपल्या शहरात त्याला सवय असते.

हे काम मुंबई विमानतळावर ढकलू नकोस. घाटात अडकून धापा टाकत पोचलेला प्रवासी भाव विचारत नाही, हे तिथल्या काउंटरवाल्याला पक्कं माहीत असतं. हनोईच्या विमानतळावर मात्र गाडीभाड्यापुरते डाँग करून घे, बाकीचे शहरात.

आता कार्ड. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून मग वापरायचं कार्ड, सगळेच सुचवतात आणि युरोपला किंवा सिंगापूरला जाणार असतीस तर मीही सुचवलं असतं. पण बहुतेक फॉरेक्स कार्डांवर डाँग भरताच येत नाहीत. डॉलर भरायचे आणि तिथे ते पुन्हा डाँगमध्ये बदलायचे, त्या दुसऱ्या बदलाचा आकार वेगळा. म्हणजे एकाच पैशाला दोनदा कात्री. त्यापेक्षा ज्याच्यावर परकीय चलनाचा मार्कअप (बँकेची वरची आकारणी) नाही असं एखादं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड बघ. साध्या क्रेडिट कार्डावर हा मार्कअप बरेचदा साडेतीन टक्के असतो आणि त्याच्यावर अठरा टक्के जीएसटी. लाखभराच्या खर्चावर ४,१३० रुपये झाले. चांगलंसं जेवण चौघींचं होईल त्यात, तेही एकदा नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड परदेशातल्या वापरासाठी बंद अवस्थेतच हातात येतं. ॲपमध्ये जाऊन ते तू चालू करायचं. दुकानासाठी, एटीएमसाठी, ऑनलाइनसाठी वेगवेगळी बटणं असतात, मर्यादाही तिथेच बांधता येते. घरी परत आल्याबरोबर बंद कर. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नकोस, त्यावर फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून. रोखीसाठी डेबिट कार्ड.

आता खरी गोम सांगतो. हॉटेलात कार्ड दिलंस की यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे येतील, एक डाँगमध्ये, एक रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट आपोआप तिकडे जातं. तो भाव तुझ्या बँकेचा नसतो. ते यंत्र चालवणाऱ्याने आपला नफा घालून ठरवलेला असतो आणि त्याचा वाटा दुकानालाही मिळू शकतो. म्हणून कधी कधी काउंटरवरची मुलगी न विचारता तुझ्या वतीने बटण दाबून मोकळी होते. पावतीवर सही करण्याआधी बघ, रुपये दिसले तर तो व्यवहार रद्द करून डाँगमध्ये पुन्हा करायला सांग. भिडस्तपणा इथे कामाचा नाही.

एटीएमवर हाच प्रकार जरा आडून येतो. पैसे मागितल्यावर मशीन विचारतं, ‘या दराने तुमच्या चलनात रूपांतर मान्य आहे का?’ तिथे ‘नाही’ दाबायचं. ‘नाही’ म्हटलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं, पण मिळतात, आणि भाव तुझ्या बँकेचा लागतो. बरीच मशीनं एका वेळी वीस-तीस लाख डाँगच देतात. लखपती झाल्यासारखं वाटेल, पण ते जेमतेम सात ते दहा हजार रुपये. परतीच्या वाटेवर बँकॉकला थांबणार आहात ना? तिथे परदेशी कार्डावर दर वेळी ठरावीक फी कापतात, हजार बाथ काढा नाहीतर दहा हजार. काढायचे तर एकदाच काढा.

नोटांचंही सांगून ठेवतो. २०,००० डाँगची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळी. रात्रीच्या टॅक्सीत, दिवा मिणमिणता असताना, पंचवीसपट पैसे देऊन उतरणारे पर्यटक कमी नाहीत. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यातच ठेव. हिशेबाला तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याची तिप्पट करून थोडं वर धरायचं. लाखभर डाँग म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. तिथली मंडळीही शून्यं गाळूनच भाव लिहितात.

क्यूआरचे कागद तिथे टपरीटपरीवर दिसतील, म्हणून यूपीआयच्या भरवशावर राहू नकोस. ते कोड तिथल्या बँकांचे. आपलं यूपीआय भूतान, नेपाळ, सिंगापूर, अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा काही देशांत, तेही ठरावीक दुकानांत चालतं.

इथलं सिम रोमिंगवर जिवंत ठेव, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि ऐन वेळी तिकीट अडकेल. दोन कार्डं दोन बॅगांत. बँकेचा १८०० वाला नंबर परदेशातून बहुधा लागत नाही, +९१ ने सुरू होणारा कागदावर लिहून घे, फोनमध्ये नव्हे, कारण फोनही त्याच बॅगेबरोबर जाऊ शकतो. कार्ड गेलं तर आधी ॲपवरून बंद, मग फोन. तुझी चूक नसताना कोणी व्यवहार केला आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस, तर तुझ्यावर बोजा येत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. हॉटेलची अनामत क्रेडिट कार्डावरच अडकव. डेबिटवर ठेवलीस तर तुझे खरे पैसे कित्येक दिवस गोठून पडतात. भाड्याने स्कूटर देणारा पासपोर्ट तारण मागेल, देऊ नकोस, रोख अनामत दे.

ई-व्हिसाची सरकारी फी एका प्रवेशाला २५ डॉलर आहे. तशाच दिसणाऱ्या साइट दुप्पट घेतात. आणि तुमच्यातली जी टूर कंपनीकडून पॅकेज घेते आहे तिला सांग, कंपनीने पॅकेजवर आगाऊ वसूल केलेला कर, म्हणजे टीसीएस, बुडीत नाही, पॅनवर जमा होतो. प्राप्तिकर खात्याच्या करजमा उताऱ्यात दिसला की विवरणपत्रात वळता करून घ्यायचा.

उरलेले डाँग तिथेच संपवा, पुण्यात त्यांना कोणी विचारत नाही. डॉलर उरले तर २,००० पर्यंत घरात ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत विकायचे.

कॅम्पातले नि डेक्कनचे तिन्ही आकडे मिळाले की खरेदीआधी मला पाठव, बघून सांगतो.

तुझा,
काका